रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला? आपल्याकडे नको!

नाशिकहून आणलेली पहिली रेड वाइन जळजळीत लागली? दोष कदाचित तापमानाचा असेल. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्या’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. तिथली खोली १६ ते १८ अंशांची; आपली उन्हाळ्यात ३० च्या वर. एवढ्या उष्णतेत अल्कोहोलचा वास पुढे येतो, फळाची चव मागे पडते.

मग काय कराल?

• शिराझसारखी रेड: आधी अर्धा तास फ्रीजमध्ये.
• शेनिन ब्लांकसारखी व्हाइट: दोन-तीन तास.
• ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवा, वास घ्या, मग छोटा घोट.

तोंड कोरडं पडलं? ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून आलेलं. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहातही तेच जाणवतं.

लक्षात ठेवा: वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के, म्हणजे बिअरपेक्षा जास्त. प्यायल्यावर गाडी चालवू नका.