विश्लेषण : प्रशिक्षण दिलं, पण बाळं वाचली का? गडचिरोलीच्या ८६ गावांत हे कसं तपासलं?

आरोग्य प्रशिक्षण शिबिर झालं की आकडे येतात. इतक्या सेविकांना प्रशिक्षण, इतक्या मातांना मार्गदर्शन. त्यातून किती जीव वाचले, हा आकडा मात्र क्वचितच दिसतो. तो हवा असेल तर औषधासारखी प्रशिक्षणाचीही चाचणी घ्यावी लागते. अशी एक गाजलेली चाचणी १९९०च्या दशकात गडचिरोलीत झाली.

नेमकं काय केलं?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावं कामासाठी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी. आधी दोन वर्षं, १९९३ ते ९५, दोन्हीकडे फक्त जन्म-मृत्यूंची मोजणी. मग ३९ गावांत प्रशिक्षित ‘आरोग्यदूत’ महिला बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब आणि स्तनपान याबद्दल आईला समजवायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. गावातली बाई इंजेक्शन देते, हे तेव्हा धाडसाचंच होतं.

निकाल काय?

पहिल्या २८ दिवसांतले बालमृत्यू या गावांत हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला.

मग ती ४७ गावं कशाला?

तिथेच खरी गंमत आहे. रस्ता झाला, पीक चांगलं आलं, तरी मृत्यू कमी होऊ शकतात. पण सरकारी सेवा नेहमीप्रमाणे सुरू असलेल्या त्या ४७ गावांत दर ५८ होता, तो ६० च्या आसपासच राहिला. अॅप बनवणारे याला ए/बी टेस्टिंग म्हणतात. फरक इतकाच, की इथे ‘बी’ गटातली बाळं खरी होती. हा प्रश्न अस्वस्थ करतोच.

त्रुटी होती का?

होती. कोणतं गाव कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये पुढे तशी चाचणी झाली. तिथे भर इंजेक्शनवर नाही, घरच्या सवयी बदलण्यावर होता. तरीही नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं २००८मध्ये प्रसिद्ध झालं.

आज काय?

२०११पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. मात्र इंजेक्शन आशांकडे दिलं नाही, ते एएनएमकडे राहिलं. म्हणजे गडचिरोलीत तपासलेला उपाय जसाच्या तसा देशभर गेलेला नाही, आणि तिथला निकालही सरसकट गृहीत धरता येत नाही.

तुमच्या घरी नवजात बाळ असेल, तर दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताईंची भेट ठरलेली असते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही.