पंचाहत्तरी कागदाची आणि खरी

आज बियाणं-खताचा विषय जरा बाजूला ठेवू आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाढदिवसाबद्दल बोलू.

कामरगावात एका घरी बीजप्रक्रिया दाखवायला गेलो होतो. घरात बेत चालला होता, १ जुलैला बाची पंचाहत्तरी करायची. काकाजी बाजेवर बसून ऐकत होते. मी अभिनंदन केलं, तर म्हणाले, "कायची पंचाहत्तरी, साहेब! एक जुलैले मी झालोच नाही. माय सांगे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालो, पोट्टे नंदी घेऊन फिरत होते. मास्तरनं डोक्यावरून हात नेऊन कानाले लागते का ते पाह्यलं, अन् तारीख लिहून टाकली."

आपल्या भागात अशी माणसं घरोघरी सापडतील. शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून किंवा १ जुलै ही तारीख मास्तरांनी लिहिली आणि तीच जन्मभर चिकटली. यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते पैशाचं. एसटीत ६५ वर्षांनंतर अर्धं तिकीट असतं. ७५ पूर्ण झाली की राज्यात कुठंही मोफत प्रवास, ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. श्रावणबाळ योजनेलाही ६५ वर्षांची अट आहे. म्हणजे कागदावर वय दोन वर्षांनी कमी, तर हक्क दोन वर्षांनी उशिरा.

काकाजींच्या मुलानं मग तहसीलातून कोतवाल बुकाची नक्कल काढली. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवी, ते हे बुक. नोंद निघाली, कागदापेक्षा दोन वर्षं आधीची! काकाजी सत्याहत्तरीला आलेले, आणि दोन वर्षांपासून अर्धं तिकीट काढत होते. पण नोंदीत मुलाचं नाव नाही, फक्त बापाचं नाव आणि 'मुलगा'. भाऊ दोन असल्यानं ही नोंद कोणाची, हे आता सिद्ध करावं लागेल. आधारची दुरुस्ती अजून व्हायचीच आहे.

म्हणून सांगतो, मंडप ठरवण्याआधी शाळेचा दाखल-खारीज उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल काढा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा जुनं दप्तर कुठं आहे ते आधी विचारून घ्या. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते. पुरावा पक्का झाल्याशिवाय घाई करू नका.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. तारीख ठाऊक होती म्हणून १९५८ मध्ये शंभरी नेमक्या दिवशी साजरी झाली, आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. आपल्या म्हाताऱ्यांना तारीख नसेल, पण तिथी असते. सहस्रचंद्रदर्शन तर चंद्रावरच मोजतात. १९ वर्षांत ७ अधिक महिने, म्हणजे २३५ पौर्णिमा. त्या हिशेबानं हजार पौर्णिमा साधारण ८० वर्षं १० महिन्यांत भरतात. हे गणित नातवंडांकडून करून घ्या, त्यांनाही मजा वाटेल.

काकाजींचा कार्यक्रम पुढं ढकलला. १ जुलैला पेरणीची गडबड, जेवायला तरी कोण येणार? तान्ह्या पोळ्याला झाला. सुनांनी पिठाचे दिवे लावून ओवाळलं. गुळाऐवजी तुरीनं तुला केली आणि ती तूर गावातल्या दोन गरजू घरांत दिली. मी काकाजींना बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं. विहिरीला कुठवर पाणी होतं, ते त्यांनी हातानं दाखवलं. वावराचा कोणता कोपरा चिबड होतो आणि का, तेही सांगितलं. थोरला मुलगा त्याच कोपऱ्यात दरवर्षी सोयाबीन पेरून नुकसान सोसत होता. म्हणाला, "बा, हे कधी सांगतलं नाही?" काकाजी म्हणाले, "तू कधी इचारलं?"

तुमच्या घरी कोणाची साठी, पंचाहत्तरी जवळ आली असेल, तर कागद आजच पाहा. आणि जेवणावळ उरकली की थोडा वेळ बाजेजवळ बसा.