आरोपी सापडला नाही, तरी मदत मिळते

गुन्हा घडला की सगळ्यांचे लक्ष आरोपीकडे लागते. पण ज्या घरावर घाला पडला, त्या घराची चूल कशी पेटणार? त्यासाठी कायद्यात तरतूद आहे. मात्र ती माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबे अर्जसुद्धा करत नाहीत.

समजा, एक किराणा दुकानदार रात्री दुकानाचे शटर ओढून, दिवसभराचा गल्ला घेऊन घरी निघाला आहे. वाटेत दोघे जण त्याला अडवतात, पोटात चाकू खुपसतात आणि पिशवी हिसकावून पळून जातात. शेजारीपाजारी त्याला दवाखान्यात नेतात, पोलीस पंचनामा करतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. पुढे काय? दुकान बंद. शस्त्रक्रियेसाठी पत्नीच्या पाटल्या मोडलेल्या. मुलांच्या फीची तारीख तोंडावर आलेली. आणि हल्लेखोर कोण होते, याचा पत्ताच नाही.

अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, 'आधी आरोपी सापडू दे, मग बघू.' नेमकी इथेच चूक होते. आरोपी सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, इतकेच काय, पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला, तरीही पीडित व्यक्तीला सरकारकडून नुकसानभरपाई मिळू शकते.

दंडापासून सरकारी मदतीपर्यंत

पूर्वी असे नव्हते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत भरपाईची सोय होती, पण ती गुन्हेगाराच्या खिशातून. म्हणजे तो सापडला पाहिजे, दोषी ठरला पाहिजे आणि त्याच्याकडे पैसेही असले पाहिजेत. या तिन्ही गोष्टी जुळून येणे कठीणच.

न्यूझीलंडने १९६३ मध्ये सरकारी भरपाईचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनने तशी योजना सुरू केली. नागरिकांचे रक्षण करणे हे सरकारचे काम आहे. ते रक्षण जिथे अपुरे पडते, तिथे पीडिताला सावरण्याची जबाबदारीही सरकारने घ्यावी, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेत अत्याचाराला बळी पडलेल्या घरकामगार तरुणींच्या प्रकरणात भरपाई मंडळ नेमण्याची सूचना केली. तरीही स्वतंत्र कलम लागू व्हायला ३१ डिसेंबर २००९ उजाडले. '३५७ अ' या त्या कलमाने प्रत्येक राज्याला भरपाई योजना करणे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे.

लक्ष्मीचा लढा

कायदा झाला, पण पैसे किती आणि कधी, हे स्पष्ट व्हायला एका मुलीचा लढा कारणीभूत ठरला. २००५ मध्ये दिल्लीत लक्ष्मी अग्रवालवर ॲसिड फेकण्यात आले, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्या याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने आदेश दिला. ॲसिडहल्ल्यातील पीडितेला किमान तीन लाख रुपये मिळालेच पाहिजेत आणि त्यातला एक लाख पहिल्या पंधरा दिवसांत. उरलेली रक्कम त्यानंतर दोन महिन्यांत. २०१५ मध्ये न्यायालयाने आणखी बजावले की, खासगी रुग्णालयांनाही अशा रुग्णावर उपचार नाकारता येणार नाहीत.

आज ॲसिडहल्ला, बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार या गुन्ह्यांतील पीडितांवर सरकारी तसेच खासगी रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. 'आधी पोलिसांचा कागद आणा, आधी अनामत भरा' असे सांगून परत पाठवणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

रक्कम किती?

प्रत्येक राज्याची योजना आणि रक्कम वेगळी असते. महिलांसाठी मात्र राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये एक आदर्श योजना आखली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती देशभरासाठी स्वीकारली. तिच्यात मृत्यूसाठी पाच ते दहा लाख, बलात्कारासाठी चार ते सात लाख आणि ॲसिडमुळे चेहरा विद्रूप झाल्यास सात ते आठ लाख रुपये अशा मर्यादा आहेत. महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ रोजी 'मनोधैर्य' योजना सुरू झाली. सुरुवातीला तीन लाखांपर्यंत असलेली तिची मर्यादा पुढे दहा लाखांपर्यंत वाढवण्यात आली.

याशिवाय काही गुन्ह्यांसाठी वेगळ्या वाटा आहेत. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणांत २०१६ च्या सुधारित नियमांनुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत मदत ठरवण्यात आली. ती टप्प्याटप्प्याने मिळते. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा तपास लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

'लोक काय म्हणतील?'

अज्ञानाइतकाच मोठा अडथळा संकोचाचा असतो. विशेषतः मुलीवर अत्याचार झालेल्या घरात 'पैसे घेतले तर लोक म्हणतील, यांनी प्रकरण मिटवले' ही भीती असते. ती निराधार आहे. हे पैसे आरोपी देत नाही, सरकार देते. ते घेतल्याने खटला मागे घ्यावा लागत नाही किंवा आरोपीची शिक्षाही कमी होत नाही. उपचार, समुपदेशन, शिक्षण आणि पुन्हा उभे राहणे यांसाठी ही मदत आहे. तक्रार खोटी असल्याचे सिद्ध झाले, तरच रक्कम परत वसूल होऊ शकते.

लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष न्यायालय खटला सुरू असतानाच अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. भरपाईची रक्कम उधळली जाऊ नये म्हणून तिचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवला जातो.

कायदा एवढा सांगतो, तरी सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, महिला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा. म्हणजे न्यायालयांकडूनही ही गोष्ट राहून जाते. म्हणूनच घरच्यांनी स्वतः विचारणे गरजेचे ठरते. विचारले नाही, तर फाईल हलत नाही.

अर्ज कसा कराल?

• जिल्हा न्यायालयात 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरणा'चे कार्यालय शोधा. अर्ज तिथेच करायचा असतो. १५१०० या निःशुल्क क्रमांकावरही माहिती मिळते.

• एफआयआरची प्रत मागून घ्या. ती मोफत मिळते.

• वैद्यकीय अहवाल, उपचारांची बिले, बँक पासबुक आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि अवलंबून असलेल्यांची कागदपत्रे लागतात.

• अर्जातच तातडीच्या अंतरिम मदतीची मागणी लिहा. कायद्यानुसार चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी.

• मुदतीची चौकशी पहिल्याच भेटीत करा. महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेत ती तीन वर्षांची आहे. उशीर झाला असेल, तरी योग्य कारण देऊन अर्ज करा.

• महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

• नोकरी-धंद्यानिमित्त इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहत असाल, तर साधारणपणे गुन्हा जिथे घडला त्या राज्याची योजना लागू होते.

मोडलेल्या पाटल्या या मदतीने परत येतीलच असे नाही. गेलेला माणूस तर कोणत्याच रकमेने परत येत नाही. पण दवाखान्याचे बिल भागले, मुलांची शाळा सुटली नाही आणि सावकाराचे दार ठोठवावे लागले नाही, तर ते कुटुंब पुन्हा उभे राहण्याची हिंमत धरू शकते. शेजारी किंवा नात्यात कुणावर असा प्रसंग आला, तर भेटायला जाताना सांत्वनाच्या चार शब्दांबरोबर विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ताही घेऊन जावा. त्या घराला त्या वेळी दोन्हींची गरज असते.