फिशटँकमधला लोचा

रात्री सबमिशन (खरं सांगा, रील्स) आटपून लाइट बंद करायला उठता आणि फिशटँककडे लक्ष जातं. तळाशी एक मासा चक्क आडवा पडलाय. गेला बिचारा, म्हणत तुम्ही जाळी आत घालता आणि तो ‘मेलेला’ मासा सुळकन उठून दगडाखाली पसार होतो. हे नशीब चांगलं असेल तर. नसेल तर तो जाळीत येतो आणि तिथेच अडकून बसतो. कारण त्याच्या डोळ्याखाली एक काटा असतो आणि घाबरला की तो काटा खटक्याच्या चाकूसारखा बाहेर काढतो. मग कात्री घ्या आणि जाळी कापत बसा. पुढच्या वेळी जाळीऐवजी प्लॅस्टिकचा डबा वापरायचा, हे त्या रात्री कळतं.

हा झेब्रा लोच. अंगावर बारीक उभे पट्टे, तोंडाशी छोट्या मिश्या, लांबी जेमतेम तीन इंच. दुकानात याला नुसतं ‘बॉटिया’ म्हणतात. आपण तो बहुतेक वेळा एकाच कारणासाठी आणतो. नवीन पाणवनस्पती आणली, तिच्या पानांवरून गोगलगायींची अंडी आली आणि महिनाभरात काच गोगलगायींनी भरली. दुकानदार म्हणतो, ‘एक बॉटिया सोडा, साफ करेल.’ मीही असाच एकच आणला होता. तो आठवडाभर फिल्टरच्या मागून बाहेरच आला नाही. लोच हा टोळीने राहणारा प्राणी आहे. पाच-सहा तरी हवेत. टोळी असली की त्यांच्यात बॉस ठरतो, भांडणं होतात, भांडताना अंगाचा रंग फिका पडतो आणि दहा मिनिटांनी सगळे एकाच फटीत एकमेकांवर लोळत झोपतात. हॉस्टेलची रूम आठवली ना?

तर, हा मासा कुठला? थायलंड, ब्राझील असं काहीतरी वाटतं, कारण काचेच्या टँकमधलं सगळं आपल्याला फॉरेनचंच वाटतं. हा मात्र आपला आहे. कृष्णेच्या खोऱ्यातला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांमधला. जगात दुसरीकडे कुठेही तो निसर्गात सापडत नाही. सी. आर. नारायण राव या प्राणिशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या माशांवरून. पुढे १९५६ मध्ये कोल्हापूरच्या माशांवर लिहिणाऱ्या दोन अभ्यासकांनी तिथल्या लोचच्या एका प्रकाराला ‘कोल्हापुरेन्सिस’ असं नावही देऊन टाकलं होतं. म्हणजे तुम्ही पंचगंगेच्या काठचे असाल, तर हा अगदी गाववाला.

आणि हा गाववाला अडचणीत आहे. ‘आययूसीएन’च्या लाल यादीत तो ‘एंडेंजर्ड’ आहे. धरणं, वाळूउपसा, नदीत सोडलेलं सांडपाणी ही कारणं तुम्हाला पाठ असतील. त्यात आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या खोलीत उभं आहे : शोभेच्या माशांच्या बाजारासाठी नदीतून होणारी पकड.

‘मग घरीच ब्रीडिंग करू की!’ हा प्रश्न प्रत्येक उत्साही माणसाला पडतो. गप्पी महिन्याभरात पिल्लं देतात, मग लोच का नाही? कारण गप्पीला पावसाळा लागत नाही. बॉटिया गटातले मासे अंडी घालतात ते नदीला पूर आल्यावर. पाणी चढतं, गार होतं, जोरात वाहतं, तेव्हा त्यांच्या शरीरातली हार्मोन्स जागी होतात. घरात पावसाळ्याचं नाटक करून बघणारे आहेत. काही आठवडे पाणी कमी आणि कोमट ठेवायचं, मग एके दिवशी भरपूर गार पाणी घालायचं आणि पंप फुल. माद्या फुगतात, सगळे वेड्यासारखे पळतात, आपण मोबाइल घेऊन सज्ज... आणि अंडी काही येत नाहीत. घरच्या टँकमध्ये बॉटियाने अंडी घालणं ही फारच दुर्मीळ गोष्ट आहे. फार्मवर या गटातल्या काही जातींची पैदास होते, पण ती हार्मोनचं इंजेक्शन देऊन. तो उद्योग हॉस्टेलच्या टेबलावर करायचा नाही.

पिल्लं बघायचीच असतील तर कुली लोच घ्या. आग्नेय आशियातला, गांडुळासारखा लांबोडका, पिवळसर-तपकिरी पट्ट्यांचा. मादी अंड्यावर आली की पोटातून हिरवी अंडी चक्क दिसतात. यासाठी खास सोहळा नाही. जुना, स्थिरावलेला टँक, भरपूर वनस्पती, तळाला बारीक वाळू आणि सोबत अंडी खाणारे दुसरे मासे नाहीत, एवढं जमवायचं आणि विसरून जायचं. अनेकांना पिल्लं सापडली ती फिल्टर धुताना, आतल्या गाळात. त्यामुळे स्पंज सिंकमध्ये पिळण्याआधी एकदा बादलीत बघा!

लोच कुठलाही असो, टँक भरल्या दिवशी त्यात सोडू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. झेब्राच्या टोळीला तीन फूट लांबीचा, शंभरएक लिटरचा टँक लागतो. तळाला वाळूच हवी. टोकदार खडीने त्यांच्या मिश्या झिजतात आणि त्या मिश्यांनीच ते अन्न शोधतात. नारळाची करवंटी, पाइपचे तुकडे, गोटे असं लपायला भरपूर द्या. झाकण घट्ट हवं, कारण हे उडी मारतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नका. दर आठवड्याला पाव पाणी बदला.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. लोचचे खवले इतके बारीक, की नसल्यातच जमा. त्यामुळे अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग त्यांना पटकन होतो आणि औषधही तितकंच पटकन बाधतं. बाटलीवरचा पूर्ण डोस ओतलात, तर रोग बरा होईल आणि मासा जाईल. अर्ध्या डोसने सुरुवात करा, पाणी हळूहळू तिशीपर्यंत तापवा आणि हवेचा पंप वाढवा.

आता अवघड हिशेब. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, बॅकलॉग धरून पाच. झेब्रा लोच नीट ठेवला तर दहाएक वर्षं जगतो. तुमचं प्लेसमेंट बंगळुरूला झालं की टँक आईच्या गळ्यात पडणार, हे तिला आधीच विचारलंय का? ‘नाहीतर नदीत सोडू, तो तिथलाच आहे’ हे उत्तर चालणार नाही. दुकानात दहा देशांच्या माशांसोबत राहिलेला लोच त्यांचे रोग घेऊन नदीत उतरतो. आणि टँकमधून सुटलेला पाहुणा काय करतो, ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. त्यांच्या जाळ्यात आता दक्षिण अमेरिकेतला सकर मासा येतो. त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटते ती वेगळीच.

माझं मत विचाराल तर, नुसत्या गोगलगायींसाठी झेब्रा आणू नका. रात्री काकडीची चकती टँकमध्ये टाका, सकाळी गोगलगायींसकट उचला, काम झालं. आणायचाच असेल तर दुकानदाराला आधी विचारा, हा फार्मचा की नदीतला? पोट खपाटीला गेलेले आणायचे नाहीत, ते बहुधा जंत झालेले असतात. सहा घ्या आणि ते सहाच दहा वर्षं सांभाळा. दर सहा महिन्यांनी मेलेल्यांच्या जागी नवे सहा, असं करायचं असेल तर गप्पीच बरे.

आणि हो, रात्री टँकमधून ‘टक् टक्’ असा आवाज आला तर पंप बिघडला म्हणून उठू नका. गोगलगाय मिळाली की हे असे आवाज काढतात.