तीस सप्टेंबरचा पट: उचगाव परिसरातील सरकारी शाळांचा मागोवा

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकपदे मंजूर करण्याच्या पद्धतीचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुले असल्यास एकही पद न देण्याची तरतूद केली. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व जातींच्या मुलांना एकाच शाळेचे दार उघडले, त्या कोल्हापुरात हा निर्णय जिव्हारी लागणे स्वाभाविक होते.

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या, करवीर तालुक्यातील उचगावाला परक्या मुलखातून आलेली माणसे नवी नाहीत. शेजारच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तेथे त्यांच्या मुलांच्या शाळाही चालत. पुढे त्याच जागी फाळणीत उजाड झालेले सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत खडू-फळा योजना आली, १९९५ पासून पोषण आहाराचा तांदूळ आला, २००० साली शिक्षणसेवक आले. परंतु गावातील बहुतेक घरांतील मुले गावच्याच शाळेत जातात, या गृहीताला मोठा धक्का बसला नाही.

तो बसला २०१० ते २०२० या दशकात, आणि या दशकाचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. १ एप्रिल २०१० रोजी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम लागू झाला आणि साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षकांचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, मुलांच्या बोटांना शाई लावून राज्यभर पटपडताळणी झाली. खोटी नावे सापडली, त्यांबद्दल संबंधितांना शिक्षा व्हायला हवी होती यात वाद नाही, मात्र २०१२ पासून शिक्षकभरतीच थांबली आणि निर्दोष शाळांनीही तो दंड २०१९ पर्यंत भरला. त्याच २०१२ च्या सुमारास स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे शासनाचे अनुदान न घेता शुल्कावर चालणाऱ्या, शाळांसाठी कायदा करून इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळांची वाट मोकळी करण्यात आली. एका हाताने शिक्षक अडवून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने स्पर्धकांना परवाने द्यायचे, या धोरणाला योगायोग म्हणणे कठीण आहे. ऐपत असलेल्या पालकांनी मुलांना पिवळ्या बसमध्ये बसवले, त्यात त्यांचा दोष थोडा आणि धोरणाचा अधिक.

मागे राहिलेल्या वर्गांचे रूप मात्र पालटत गेले. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती, फौंड्री आणि गांधीनगरची घाऊक बाजारपेठ यांच्या आधाराने कर्नाटक, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार येथून कुटुंबे येतात. मुलाच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलली जाते आणि शाळेत मराठी शिकायची असते. अशा मुलाला अधिक वेळ, अधिक लक्ष आणि म्हणून अधिक शिक्षक लागतात, तरी संचमान्यतेच्या लेखी ते केवळ एक असते, पुष्कळदा तेवढेही नसते. संचमान्यतेचा पट ३० सप्टेंबरचा धरला जातो, तर साखर कारखान्यांचा हंगाम त्यानंतर सुरू होतो; ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आसपास येतात तेव्हा मोजणी संपलेली असते. अलीकडे त्यात आधार पडताळणीची अट आली. नावात किंवा जन्मतारखेत तफावत असलेले मूल वर्गात बसते, खिचडी खाते, धडा वाचते, पण पदांच्या हिशेबात धरले जात नाही.

पैशाचेही तसेच. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान, ज्यातून वीज, स्वच्छता, खडू व किरकोळ दुरुस्ती भागवायची असते, तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला २५,००० रुपये मिळते. दुसरीकडे अधिकार अधिनियमातील पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या एका मुलामागे शासनाने ठरवलेली कमाल प्रतिपूर्ती १७,६७० रुपये आहे. गरीब मुलाला ती जागा मिळणे न्याय्यच आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिघातील खासगी शाळांना त्यातून सूट देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला तेही योग्य झाले. तथापि एका मुलाच्या शुल्काइतकीही रक्कम तीस मुलांच्या सरकारी शाळेला वर्षभराच्या खर्चासाठी न देणारी व्यवस्था त्या शाळेच्या घटत्या पटाबद्दल तक्रार करू शकत नाही.

कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या प्रस्तावांत उचगावाचे नाव वारंवार येते. हद्दवाढ झाली तर या शाळा महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे जातील की जिल्हा परिषदेकडेच राहतील, हा प्रश्न घरफाळा आणि पाण्याच्या वादात मागे पडता कामा नये. त्याहून तातडीची मागणी साधी आहे: हंगामी स्थलांतर असलेल्या भागांत जानेवारीअखेर पटाची दुसरी मोजणी करावी, वर्गात प्रत्यक्ष बसलेले मूल आधारच्या त्रुटीमुळे वगळू नये, आणि दोन्हींपैकी मोठ्या आकड्यावर शिक्षक द्यावेत.