मालीश करून घेण्याआधी

वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळी करून, बांधकामावर ओझी उचलून अंग आंबले की आपली माणसे मालीशवाल्याला पैसे देतात. ते पैसे सार्थकी लागावेत म्हणून आम्ही हे सांगतो.

शुगर, बीपी, गरोदरपण, झालेले ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, जे असेल ते आधी सांगा. जेवल्यावर तासभर थांबा. जितके दुखेल तितका गुण, हे खरे नाही. सहन होत नसेल तर हात थांबवायला सांगा. शुगरने पाय बधिर झाले असतील तर गरम तेल नको, भाजलेले कळत नाही.

मालीशने स्नायू सैल होतात, पण आराम थोडाच काळ टिकतो. तेवढ्यात चालणे आणि कमरेचे व्यायाम सुरू करा.

एकाच पोटरीला सूज, दुखणे, गरमपणा असेल, विशेषतः बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. हाड मोडल्याची शंका असेल, कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तरी मालीश नको. थेट घाटी गाठा.