पाठीच्या कण्यावरील भार

जालन्याच्या मोंढ्यांत हंगामाच्या दिवसांत जो गेला असेल त्यानें हमालांचें काम पाहिलें असेलच. भरलेलें पोतें हमाल सहसा एकटा जमिनीवरून उचलीत नाहीं; सोबती तें धरून त्याच्या पाठीवर चढवितात, आणि तो किंचित् पुढें वांकून चालूं लागतो. ही रीत अनुभवानें घडलेली आहे. पण तिच्यांत शास्त्रहि आहे, आणि तें आपल्या स्वयंपाकघरांत तितकेंच उपयोगीं पडणारें आहे.

गॅसचें भरलेलें सिलिंडर सुमारें ३० किलो भरतें. ५० किलो वजनाची गृहिणी कंबरेंत वांकून तें उचलते तेव्हां काय घडतें? पाठीचे स्नायु कण्याच्या मागें ५ सेंटिमीटरांवर, सिलिंडर पुढें ४० सेंटिमीटरांवर, आणि कंबरेवरील देहाचा २५ किलो भार २० सेंटिमीटर पुढें, असें स्थूलमानानें धरूं. तराजूच्या दांडीच्या नियमानें ३० गुणिलें ४० म्हणजे १,२००, आणि २५ गुणिलें २० म्हणजे ५००; बेरीज १,७००. तिला ५ नें भागलें कीं स्नायूंनीं लावावयाचा जोर ३४० किलो निघतो! हा जोर मणक्यांमधील चकतीवर दाबाच्या रूपानें येतो. ओझ्याचा व देहाचा भार निराळाच. तेंच सिलिंडर २० सेंटिमीटरांवर घेतलें तर जोर २२० किलोंवर येतो. ओझें तेंच, पण बचत १२० किलोंची! हमालाच्या पाठीवरील पोतें कण्यालगत असतें, म्हणून त्याचीहि दांडी आंखूड पडते.

अर्थात् हा हिशेब ठोकळ आहे. खऱ्या पाठींत स्नायु अनेक. म्हणजे समीकरणें थोडीं व अज्ञातें पुष्कळ. म्हणून स्नायूंवर कमींत कमी ताण पडेल अशी कामाची वांटणी शरीर करीत असावें, असें गृहीत धरून संशोधक संगणकानें उत्तर काढतात, व स्नायूंतील विद्युत्संकेतांशीं तें ताडून पाहतात. प्रत्यक्ष मोजणीहि झाली आहे. स्वीडनमध्यें आल्फ नाकेमसन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत कंबरेच्या चकतींत सुई घालून दाब मोजला. पुढें १९९९ सालीं जर्मनींतील विल्के प्रभृतींनीं एका स्वयंसेवकाचे आंकडे प्रसिद्ध केले: उभें असतां ०.५ मेगापास्कल, २० किलो पाठ वांकवून उचलतां २.३, गुडघे वांकवून उचलतां १.७, अंगाजवळ धरतां १.१.

कंबरदुखीचीं कारणें अनेक असतात, हें खरें. परंतु सिलिंडर, कळशी, दळणाचा डबा उचलण्याचें काम पुष्कळ घरांत एकट्या सुनेकडे असतें. आणि तिची कंबर दुखूं लागली कीं दोष मात्र बाळंतपणाला किंवा वयाला दिला जातो. गुडघे वांकवावे व ओझें अंगाशीं घ्यावें, हें तिला अवश्य सांगावें. पण त्याआधीं घरांतील धडधाकट पुरुषांनीं उठून दुसऱ्या बाजूला हात लावावा. मोंढ्यांत हमालाला मिळणारा सोबती घरच्या सुनेला कां मिळूं नये?